सोनारडोहातली केशरी माशी

(अमरावती. नत्थुजींच्या घराची मागची पडवी, दुपारचे तीन वाजायला आलेले. नत्थुजींची बायको चंदा, आणि त्यांच्या मित्राची, गेल्या आश्विनात गेलेल्या देवीदासची, बायको वच्छला.)

चंदा : मंग चहा नाई, साबुदाना नाई, तं देऊ काय तुमाले? अकोल्याहून यष्टीत धक्के खात आल्या, अन् माह्या घरी नुसतं पानी पिऊन बसल्या. लोक मले नावं ठेवतीन.

वच्छला : पाणी गोड लागलं ग. आज चतुर्थी आहे. चंद्र दिसेपर्यंत मी पाण्यावरच असते, तुला ठाऊक आहे.

चंदा : ठाऊक हाय. देवीदासभाऊ म्हनत, आमच्या घरी बारा महिन्यांत तेरा चतुर्थ्या येतात, अन् उपास मलेच घडते.

वच्छला : असं म्हणायचे?

चंदा : ह्याच पडवीत. ह्या टेबलापाशी दोघं समोरासमोर बसत. शिकंज्यात गळाचा हूक धरायचा, त्याच्यावर मोराचं पीस नाई तं लोकर लावून धागा गुंडाळायचा, अन् म्हनायचं, मासा भुलवाले माशी झाली. दोन म्हतारे अन् तोंडं अशी, जशा काई बाया पोत ओवून राह्यल्या. त्यात त्यायच्या मासे धरायच्या क्लबचं नाव ट्राउट क्लब. मी एकदा इचारलं, भाऊ, हा ट्राउट हाय तरी कोन? तं म्हने, मासा हाय, पहाडातल्या थंड्या पान्यात राह्यते, इकडं कुठीच नाई. म्हनलं, मंग क्लब कसाले काढला? तं म्हने, वयनी, देव तरी कोनं पाह्यला? देवळं हायतच ना.

वच्छला : हे मला नाही कधी सांगितलं. मला वाईट वाटेल म्हणून नसेल सांगितलं. मी होते तिथे, ट्राउटच्या नदीवर. एलटीसीवर कुल्लूला गेलो होतो, तेव्हा एक पहाडी म्हातारा गुडघाभर पाण्यात उभा राहून पिसाची माशी टाकत होता. मासा आला, त्यानं हातात घेतला, कपाळाला लावल्यासारखा केला आणि सोडून दिला. हे पाहत उभे. खाली बस हॉर्न वाजवतेय, मॅनेजर ओरडतोय, आणि हे पाहतच आहेत. भाऊजी झोपलेत का ग?

चंदा : झोपते कुठचा तो मानूस. तुमचा आवाज आयकला अन् आत जाऊन बसले. म्हनलं, ताई आल्या, बाहेर या. तं म्हने, माह्यी पाठ दुखून राह्यली. आठ महिने झाले, दुखूनच राह्यली. रोज संध्याकाळी शेकून देते मी.

वच्छला : टेबल तसंच ठेवलंय.

चंदा : तसंच. शिकंज्यात एक हूक हाय, तो बी तवापासूनचा. त्याच्यावर धागा नाई चढला. माशी बांधनं सुटलं, पन पकड काई हातातून सुटली नाई. ताई, तुमी घरच्या म्हनून सांगते. दुपार झाली का पकड घेऊन घरभर फिरतात. जिथं हूक दिसला तिथं दाबतात. कॅलेंडरचा दाबला. पडद्यायचे दाबले. परवा शेंदूरजन्याले लग्नाले जायचं होतं, तं माह्या पोलक्याचे समदे हूक सपाट करून ठेवले. पिना लावून गेली मी. आता हसू का रडू?

वच्छला : विचारलं नाहीस, असं का करता?

चंदा : इचारलं. म्हने, रुतलं का निघत नाई, चंदा. बस. एवढंच.

वच्छला : तीन वाजले का?

चंदा : वाजून राह्यले. काहून?

वच्छला : याच सुमाराला मला यांच्या गळाचं ते रीळ ऐकू येतं. मासा लाइन ओढून पळाला की वाजायचं ना, किर्र करून, तसं. अकोल्याच्या घरात रॉड नाही, रीळ नाही. तरी मी वाती वळायला बसले की न्हाणीकडून येतं. पहिल्यांदा वाटलं, किडा असेल. घर झाडून काढलं. मग वाटलं, कान म्हातारे झाले.

चंदा : मायबाई. हे बी तेच म्हनतात. भर दुपारी मले म्हनतात, आवाज आयकला का? मी म्हनते, मिक्सर हाय बाजूवालीचा.

नत्थुजी : चंदा, तू आत जाय.

चंदा : उठले का? पाठ बरी झाली?

नत्थुजी : नमस्कार, वयनी. प्रवास बरा झाला ना?

वच्छला : बरा झाला. बसा ना भाऊजी. चंदालाही बसू द्या. मी काही तुमच्या घरात लपवून बोलायला आले नाही.

नत्थुजी : नितेश कसा हाय? बँकेतच हाय ना?

वच्छला : बँकेतच आहे. जातो, येतो, जेवतो. माझ्याशी बोलत नाही.

चंदा : बोलत नाई म्हनजे?

वच्छला : म्हणजे नाही बोलत. सुनेला सांगतो, सीमा, आईला विचार गोळ्या आहेत का. मी त्याच खोलीत असते. सीमा बिचारी माझ्याकडे वळून तेच पुन्हा म्हणते. मी तिला उत्तर देते, आणि ती त्याला सांगते. आठ महिने आमचं असं चाललंय. माझा फोन तर तो उचलतच नाही.

नत्थुजी : पोट्टं हाय, वयनी. बापाचं दुख हाय. येईन ताळ्यावर.

वच्छला : त्याचा राग खोटा नाही ना, भाऊजी. त्या सकाळी तो घरी होता, त्यानं डोळ्यांनी पाहिलं. चंदा, तुला सांगते, म्हणजे कळेल. हुकाच्या टोकाला एक उलटा काटा असतो. माशाच्या जबड्यात तो रुतला की निघत नाही, मासा तो घेऊनच मरतो. मी माळकरी बाई. यांना मासे धरायचा नाद लागला तेव्हा मी तुळशीवर हात ठेवायला लावून शपथ घेतली होती, की प्रत्येक मासा जिवंत पाण्यात परत जाईल, आणि एकही मासा तुमचा काटा घेऊन जाणार नाही. तेव्हापासून हे काटा पकडीनं दाबून सपाट करायचे. मग क्लबानंही तोच नियम केला.

चंदा : हे मले ठाऊक हाय. काटा दाबला का मासा सुटून जाते, म्हनून हे कुरकुर करत.

वच्छला : दाबला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, इतका बारीक असतो तो. म्हणून प्रत्येक नवी माशी माझ्यासमोर यायची. मी वाती वळत असायची, लक्ष वातींचं व्रत होतं. कापसातून हूक ओढायचा. कापूस अडकला तर काटा आहे. सुळकन निघाला तर हो म्हणायचं. त्या सकाळी यांनी तीन माशा आणून ठेवल्या. चातुर्मासात पूजा होईपर्यंत माझं मौन असतं, त्यात उशीर झालेला. कापूस हातात होता माझ्या. मी माशांकडे पाहिलं नाही. नुसती मान हलवली. हे हसले आणि डबी पिशवीत टाकून गेले. नितेश दारात दाढी करत उभा होता.

चंदा : अन् त्याच दिवशी...

वच्छला : त्याच दिवशी. मासा काटा घेऊन पळाला, लाइन बुडालेल्या बाभळीत अडकली आणि हे त्याच्या मागे सोनारडोहात उतरले, ते वर आलेच नाहीत. गुडघ्याच्या वर पाण्यात कधी न जाणारा माणूस. मी वाती अजून वळते ग, पण लावत नाही. पिशव्या भरल्यात. न पाहता हो म्हणणाऱ्या हातांची वात देवापुढे लावू कशी?

नत्थुजी : वयनी, असं मनात नका आनू. जे होनार होतं...

वच्छला : भाऊजी, तेराव्याला नितेशनं तुम्हाला विचारलं होतं. मी आत पानं वाढत होते, मला ऐकू आलं. तो म्हणाला, काका, बाबांच्या लाइनला माशी कुठली होती? तुम्ही काय म्हणालात?

नत्थुजी : गर्दी होती. आठवत नाई मले.

वच्छला : मला आठवतं. तुम्ही म्हणालात, त्याच्या डबीतलीच असन. त्यानंतर तो आत आला. माझ्या हातातलं पातेलं घेतलं, खाली ठेवलं, आणि निघून गेला. त्यानंतर एक शब्द नाही.

नत्थुजी : ऊन आलं पडवीत, वयनी. आत बसू.

वच्छला : मागच्या आठवड्यात तुमच्या क्लबातला श्रावण आला होता अकोल्याला. पोस्टातून रिटायर झालेला. त्यांची पिशवी क्लबच्या कपाटात राहून गेली होती म्हणे. कोणाला हात लावायचा धीर झाला नाही. तो ती ठेवून गेला. मी चार दिवस उघडली नाही. पाचव्या दिवशी डबी काढली. त्या सकाळच्या तिन्ही माशा आत होत्या, हिरव्या, मोरपिसाच्या. पाण्याचा स्पर्श नाही झालेला. मी कापूस आणला. तिन्ही त्यातून ओढून पाहिल्या. सुळकन निघाल्या.

चंदा : तिन्ही?

वच्छला : तिन्ही. मी न पाहता मान हलवली, ते माझं पाप आहेच. पण त्यांनी काटे दाबलेले होते. मी श्रावणला फोन केला. म्हटलं, डोहात तो मासा अजून दिसतो असं लोक म्हणतात, ते खरं का? तो म्हणाला, काकू, खरं आहे. सोनारडोह निम्मा आटला, बाभूळ उघडी पडली, तिच्यावर लाइन अजून गुंडाळलेली आहे. आणि तो महाशीर मासा तिथंच आहे, त्याच्या ओठात माशी आहे. म्हटलं, कोणत्या रंगाची? तो म्हणाला, केशरी. म्हणूनच मी कोणाला बोललो नाही, काकू.

चंदा : केशरी तं...

वच्छला : आमच्या घरात केशरी लोकर हुकावर चढली नाही कधी. देवाच्या निशाणाचा रंग आहे, तो माशाच्या तोंडात नको, असं मी म्हटलं होतं. यांनी ते पाळलं. क्लबात केशरी माशी एकच माणूस बांधतो. बागाईतदाराच्या घरचा, संत्र्यात वाढलेला.

चंदा : अवो. बोला ना. ताई काय म्हनून राह्यल्या?

नत्थुजी : मी दिली होती.

चंदा : काय दिलं होतं?

नत्थुजी : माशी. महाशीर केशरी माशीवरच झेपावून राह्यला होता. देवीदास म्हने, नत्थू, एक दे. मी टोपीतली काढून देल्ली. त्यानं इचारलं बी नाई काटा दाबला का. कसाले इचारीन? क्लबचा नियम हाय. पंधरा वर्सं आमी दोघं एका टेबलावर काटे दाबत होतो.

वच्छला : आणि दाबलेला नव्हता.

नत्थुजी : नव्हता. चुकून नाई, वयनी. मी वर्सभर दाबतच नव्हतो. क्लबच्या फळ्यावर नावं लिहितात, कोनाचा मासा किती इंचाचा. देवीदासचं नाव चार साल वर होतं. माह्ये मासे काठापाशी येऊन सुटून जात. मंग म्हनलं, कोन पाहून राह्यलं? सोडनारच हावो ना आपन माशाले. ते साल माह्यं नाव वर आलं. देवीदासनं पेढे वाटले.

चंदा : देवा रे.

वच्छला : पाण्यात उतरले तेव्हा तुम्ही कुठे होतात?

नत्थुजी : बाजूले. दहा हात. मासा बाभळीत घुसला, लाइन फसली. मी वरडलो, तोड लाइन, देवीदास, तोड. त्यानं खिशातून कातर काढली. लाइनीले लावली बी. अन् मंग माह्याकडं पाह्यलं. म्हने, नत्थू, काटा दाबेल हाय ना?

वच्छला : मग?

नत्थुजी : तो असा पाहून राह्यला होता, वयनी, जसं लेकरू पाह्यते. माह्या तोंडून निंगालं, नाई. त्यानं कातर खिशात ठेवली. म्हने, मंग सोडता येत नाई रे त्याले, वच्छलेले काय सांगू? अन् लाइन धरून धरून आत गेला. छातीभर पान्यात गेला, गळ्याभर गेला. त्याचा हात माशाले लागला बी होता. मंग त्याचा पाय फांदीत गेला. मी कमरेपोतर गेलो. मले पवता येत नाई. गुराखी येईपोतर अर्धा घंटा झाला. अर्धा घंटा ते रीळ वाजून राह्यलं होतं. रॉड काठावर पडेल, धरनारं कोनी नाई, अन् तिकडं मासा ओढून राह्यला, किर्र, किर्र.

चंदा : आठ महिने मी तुमची पाठ शेकली.

नत्थुजी : चंदा...

चंदा : आठ महिने. इटकर तापवून, फडक्यात गुंडाळून. मले सांगतलं नाई.

नत्थुजी : एक शब्द खोटा बोललो असतो तं तो वाचला असता, वयनी. हो, दाबेल हाय, एवढंच म्हनायचं होतं. त्यानं लाइन तोडली असती. मी खरं बोललो अन् माहा मित्र गेला. तवापासून खरं तोंडातून निंघतच नाई.

वच्छला : त्या दिवशी तुम्ही खरं बोललात, त्याचा मला राग नाही. शपथ माझी होती. तिच्यापायी ते पाण्यात गेले, ते मी कोणावर टाकत नाही. मरेपर्यंत माझ्याजवळच राहील ते. पण तेराव्याला तुम्ही खोटं बोललात, भाऊजी. तेव्हा कोणाला वाचवायचं होतं?

नत्थुजी : मले.

वच्छला : हं.

नत्थुजी : मी दर मंगळवारी जातो त्या डोहावर. चंदाले सांगतो डाक्टरकडं चाललो. रॉड नेत नाई, नुसती पकड नेतो. दुपारी तो मासा काठाले येते. अगदी जवळ, हातभर. तोंड उघडते अन् थांबते. आठ महिने लोकर पान्यात हाय, रंग जायले पायजे. गेला नाई. नव्यासारखा हाय. मी हात पुढं केला का तो मांगं सरकते. हात काढला का परत येते.

वच्छला : त्याला खाता येतं का?

नत्थुजी : खाते. पन तोंड पुरतं मिटत नाई त्याचं.

चंदा : ताई, पानी घ्या अजून. तुमचा चेहरा कसा झाला.

वच्छला : नको ग. भाऊजी, तुमच्यावर रागवायचं बळ आज माझ्यात नाही. पुढे कधी येईल की नाही, माहीत नाही. मला त्याच्यासाठी वेळ नाही. माझा एकच मुलगा आहे.

नत्थुजी : मी अकोल्याले येतो, वयनी. समोर बसून सांगतो त्याले. येत्या रईवारी.

वच्छला : रविवारी तुमची पाठ दुखेल.

नत्थुजी : नाई दुखनार.

वच्छला : साडेतीनला त्याचं काउंटर बंद होतं. आता झालेच आहेत. तुमच्या फोनवरून लावा. माझा दिसला तर उचलायचा नाही.

नत्थुजी : आत्ता? फोनवर कसं सांगू, वयनी?

वच्छला : जसं मला सांगितलं तसं. फळ्यावरच्या नावासकट. मी अंगणात जाऊन बसते. मी समोर असले तर माझं तोंड पाहून शब्द निवडाल. माझं चांगलं काही सांगू नका त्याला. मी न पाहता मान हलवली, ते त्यानं पाहिलंय, ते तसंच राहू द्या. फक्त ती माशी कोणाची होती तेवढं सांगा. मला फोन कर असंही म्हणू नका. करायचा असेल तर करेल.

नत्थुजी : चंदा, तू बी जाय यायच्यासोबत. ताईले एकटं नको सोडू.

चंदा : मी नाई उठत. मी इथंच बसते. लावा.

वच्छला : बसू द्या तिला. मी जाते.

नत्थुजी : ...वाजून राह्यला.

चंदा : वाजू द्या.

नत्थुजी : हॅलो. नितेश? नत्थुकाका बोलून राह्यलो... नाई नाई, क्लबचं काई काम नाई... हो, आई इथंच हाय, बरी हाय. तिचं काई नाई. माह्यं हाय. तुह्या बाबाचं हाय... नाई बापू, रईवारपोतर नाई ठेवता येत. तू उभा हायेस का? बस. कुठंतरी खुर्ची पाहून आधी बस.